सोळा मजुरांचं गणित

“पर आजी, आसं कुठं आसतंय?”

पेन्सिल वेणीत खोचायची आणि हे म्हणायची. पेन्सिल वेणीत गेली की मी समजायची, आजचा अभ्यास बुडाला.

आमच्या पासली गावात माझ्या शेजारची ही पोर, आठवीतली. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण लेकरांच्या वह्या वाचून अक्षरं आणि हिशेब शिकले. म्हणून तिच्या आईनं तिला संध्याकाळची अभ्यासाला माझ्याकडे बसवली. तुम्हीही अशी एखादी पाहिली असेल. अक्कल भरपूर, मार्क नाहीत. डोकं पिकवतात हो.

एकदा माझ्या भातखाचरात पाणी टिकेना. दोन गडी बांध चाचपून गेले, काही सापडलं नाही. हिनं मूठभर तूस पाण्यावर टाकलं आणि काठावर उकिडवी बसून राहिली. तूस हळूहळू एका कोपऱ्याकडे सरकलं. तिथं हात घातला, तर खेकड्याचं बीळ. चिखलानं बुजवलं, हात धुतले, गेली. आणि त्याच आठवड्यात गणितात वीसपैकी तीन.

वार्षिक परीक्षेत तर कहर केला. आठ मजूर एका शेताची भातलावणी सहा दिवसांत करतात, तर सोळा मजूर किती दिवसांत करतील? तीन. मलासुद्धा कळतं. ही गणितात नापास. गुरुजींनी मला पेपर दाखवला. हिनं लिहिलेलं, ‘सांगता येत नाही. वरचं खाचर भरल्याशिवाय खाली पाणी येत नाही. आठ बायका बांधावर बसून राहतील.’

“अगं, तीन लिवायला काय झालं हुतं तुला?”

“पर आजी, पाणी कुठं तीन दिसांत खाली उतरतंय?”

“कागदावर कसलं आलंय पाणी?”

“मग कागदावर भात कशाला लावत्यात?”

मी कपाळ धरलं. हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. नववीला भोरला, वसतिगृहात राहून शिकायचं होतं. बाप सांगून बसला होता, फेरपरीक्षेत पास झाली तर जाईल, नाही तर पुस्तकं बंद आणि शेतावर.

मग पंधरा दिवस मी तिच्या मानगुटीवर बसले. पेन्सिल वेणीत गेली की ओढून काढायची. “इचार करू नगस. इचारलंय तेवढं लिव.” हे मी म्हणत होते, बरं का. मी.

पास झाली. मी पेढे घेऊन गेले, तर पेढा हातात धरून नुसती बसलेली.

“खा की.”

“परत तसलंच गणित आलं हुतं, आजी. खोटं हाय ठाऊक आसून म्या त्यांला पायजे त्येच लिवलं.”

“पेढा खा,” मी म्हटलं.

भोरच्या एसटीत बसवायला गेले. बाप तिची पेटी घेऊन पुढच्या सीटवर बसला. ही खिडकीतून हात बाहेर काढून हलवत होती.

“हात आत घे गं,” मी खालून म्हटलं.

गाडी अजून उभीच होती. एरवी उभ्या गाडीत हात बाहेर का नको, यावर तिनं मला दहा मिनिटं दमवलं असतं. तिनं निमूट हात आत घेतला, मांडीवर ठेवला आणि समोर बघत बसली.