पाकीट फोडणाऱ्या अक्का

बँकेची नोटीस आली तेव्हा मी माझ्याच दारात बनियनवर उभा राहून पोस्टमनला सांगितलं, की मी घरी नाही.

पोस्टमन मला चांगला ओळखतो. त्याच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग मीच केलेलं. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा पाकिटाकडे पाहिलं. "बरं भाऊ, आले की सांगा त्यांना," म्हणाला. नोटीस हातात घेतलीच नाही तर ती लागू होत नाही, हा आमच्या गल्लीचा कायदा. तुमच्याही गल्लीत असेल.

पाकीट परत गेलं. दोनेक महिन्यांनी बँकेची माणसं आली आणि घराचा कागदोपत्री ताबा घेतल्याची नोटीस दारावरच चिकटवून गेली. पेपरातही छापली. खळ इतकी थापली होती, की उंबऱ्यापर्यंत ओघळली आणि दुपारी तिला मुंग्या लागल्या. शेजारी चष्मे पुसून वाचत होते. एकाने मोबाईलवर फोटो काढून मलाच दाखवला, "नीट आलाय का बघा, तुमची लाइन आहे." थकलेले हप्ते बायकोला त्या दारावरच कळले. ती ओल्या फडक्याने खळ खरवडत राहिली.

संध्याकाळी एक सेटलमेंटवाला आला, बँकेशी कर्ज मिटवून देतो म्हणणारा. बोटात तीन अंगठ्या, गालात मावा. बायकोने दिलेल्या चहाच्या बशीतच थुंकला. "घर कुठं जातं? मी स्टे आणतो. उद्या फक्त एवढं टाइप करून आणा," म्हणत त्याने हाताने खरडलेला एक कागद पुढे केला. मी त्याला दारापर्यंत पोचवायलाही गेलो. आजही आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं, आणि ती पाल तो की मी, हे ठरत नाही.

तो कागद घेऊन मी धुळ्याच्या कोर्टाबाहेर गेलो. तिथे कडुलिंबाखाली अक्कांचं टेबल. मूळच्या साक्रीकडच्या, 'आहे'ला 'शे' म्हणणाऱ्या, हयात टायपिंगमध्ये गेलेली, आता जुना लॅपटॉप आणि कुरकुरणारा प्रिंटर. समोर कोणीही आलं की पहिला प्रश्न, "पाकीट फोडलं का?" मग अंबाड्यातला आकडा काढायचा, पाकिटाच्या कडेने सर्रकन फिरवायचा, परत अंबाड्यात खोचायचा. चेहरा असा, की आतून मेलेला उंदीरच निघणार.

माझा कागद त्यांनी टाइप करण्याआधी वाचला.

"भाऊ, यात त्या माणसाला तुझं घर विकायचा अधिकार शे. वाचलं का?"

मी वाचलं नव्हतं.

"शी!" त्यांनी कागद दोन बोटांत धरून टेबलाखालच्या डब्यात सोडला. "बँकेचं पाकीट कुठे?"

"घेतलंच नाही, अक्का."

"नाही घेतलं तरी मिळालं असंच धरतात, येड्या. साठ दिवस होते. लेखी हरकत घेता आली असती, मुदत वाढवून मागता आली असती. बँकेला उत्तर द्यावंच लागतं. तू ते दिवस पोस्टमनसंगे घालवले."

"आता?"

"लिलाव निघायच्या आत थकलेलं बठ्ठं, पै न पै भर आणि पुढचा हप्ता लहान करून माग. नाही जमत, तर एकरकमी तडजोड माग. तेही नाही, तर बँकेची परवानगी घेऊन घर तूच विक; लिलावात मातीमोल जाईल. आणि बँकेनेच चूक केली असेल तर वसुलीचं न्यायाधिकरण शे, पण तिथेही मुदत असते. खरा वकील गाठ. विकण्यासारखं काय शे?"

"गाडी आहे. पण लोक काय म्हणतील?"

"दारावरची नोटीस वाचून काय म्हणाले?"

गाडीवर मी नवं कव्हर घातलं होतं. धूळ बसू नये म्हणून. दारावर खळ, आणि गाडीला कव्हर!

बँकेला द्यायचा अर्ज छापला जात असताना अक्का प्रिंटरकडे बघत म्हणाल्या, "आमचे हे पाकिटं देव्हाऱ्याखाली ठेवायचे. पाच निघाली. एकही फोडलेलं नाही. मी इथे गावाचे अर्ज टाइप करी राहिले होते, आणि घर गेलं." मग आकड्याने डोकं खाजवलं. "आता भाड्याच्या खोलीत राहते. तिथे देव्हारा भिंतीला टांगलाय. खाली काही ठेवताच येत नाही."

गाडी चाळीसगावच्या एका मंडपवाल्याने विकत नेली, मोठा कॅमेराही त्याच्यासोबत गेला. अर्ज घेऊन मी बँकेच्या जळगावच्या मोठ्या ऑफिसात चार खेपा घातल्या. साहेब कान कोरत अर्ज वाचायचा आणि त्याच काडीने कुठे सही करायची ते दाखवायचा. मी केल्या. थकबाकी भरली, कर्जाची मुदत वाढून हप्ता लहान झाला. घर राहिलं. अक्कांनी टायपिंगचे तेवढेच घेतले.

"पेढे आणतो, अक्का."

"आणशील, आणशील."

मग लग्नसराई आली. मग दुसरी आली. दारावरच्या खळीचा डाग अजून तसाच आहे. येता-जाता तो दिसायचा आणि पेढे आठवायचे. शेवटी एका सोमवारी पाव किलो घेऊन गेलो. लिंबाखाली टेबलाच्या चार पायांचे खळगे तेवढे होते.

शेजारच्या झेरॉक्सवाल्याने आधी माझ्याकडे, मग पुड्याकडे पाहिलं.

"फोटोवाले तुम्हीच का? अक्का गेल्या, तीन महिने झाले. सांगून ठेवलं होतं त्यांनी, 'तो पेढे आणेल, पण मी मेल्यावर. त्याचा हप्ता तरी कधी वेळेवर गेला का?'"