अण्णांनी ऐकलेला दुसरा ठोका

कॉम्प्युटरच्या आत बसणाऱ्या जुन्या कार्डांचा सपोर्ट काढून टाकावा, असा प्रस्ताव आमच्या गटात मीच मांडला होता. ठिकठिकाणचे आम्ही पंधरा-वीस जण फावल्या वेळात एक ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळतो आणि फुकट वाटतो. कुणी वापरत नाही अशा हार्डवेअरसाठी दर नव्या आवृत्तीत डोकेफोड करायची, याचा मला वैताग आला होता. काढायच्या कार्डांची यादी पाठवली आणि मोकळी झाले.

रविवारी केजला गेले. माझे वडील, अण्णा, तिथे ट्रॅक्टरचे डिझेल पंप दुरुस्त करतात. पंप तपासायच्या त्यांच्या यंत्राला एक जुना कॉम्प्युटर जोडलेला आहे आणि त्यावर आमचीच सिस्टिम आहे, मीच घालून दिलेली. त्या दिवशी सहज आतलं कार्ड बघितलं, तर ते माझ्या यादीतलं तिसरं. नव्या कॉम्प्युटरात ते बसत नाही. जुन्या आवृत्तीवर राहावं, तर नव्या पंपांची मापं ज्या साइटवर मिळतात ती उघडत नाही. म्हणजे बापाचं दुकान मीच बंद पाडायला निघाले होते.

प्रस्ताव मागे घेते, असं मी म्हणाले. अण्णांनी ते उडवून लावलं.

"माझ्यासाठी न्हाई ठिवायचं. ठिवायला काय लागतंय ते सांग."

गटाचा नियम साधा होता. ज्याच्याकडे ते कार्ड आहे त्याने दर आवृत्ती चालवून बघायची आणि लेखी कळवायचं. सातवी शिकलेल्या अण्णांनी हात पुसले आणि वही मागितली.

नवी आवृत्ती तिथेच घातली. पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. मी 'चालते' असं लिहिणार, तेवढ्यात ते म्हणाले की सुरू होताना कार्ड एकदा टक् करायचं, आज दोनदा केलं. मला वाटलं, वयाने कान वाजतायत. तीनदा बंद-चालू केल्यावर मलाही ऐकू आलं.

ते मी इंग्रजीत गटाला कळवलं. दोन दिवसांनी गटातल्या सगळ्यात खडूस माणसाचं उत्तर आलं. कार्ड खरंच दोनदा सुरू केलं जात होतं, नव्या कार्डांनाही तोच त्रास होता आणि चूक मी लिहिलेल्या कोडमधली होती. लाज वाटायला हवी होती, पण मी छाती फुगवून हिंडत होते.

मतं घेतली, कार्ड राहिलं. सांभाळणाऱ्यांच्या यादीत त्या कार्डापुढचा रकाना कित्येक वर्षं रिकामा होता. तिथे अण्णांचं नाव घातलं आणि पुढे लिहिलं, 'पंप दुरुस्ती, केज'. त्यांच्या खाली माझं नाव येतं, आणि ते पान मी भेटेल त्याला दाखवते.