गुरुवारचा फळा

आमच्या गावात लेरॉय वानेकला लोक लबाड म्हणतात, आणि तेही कौतुकानं. माझं डोकंच फिरतं. नेब्रास्काच्या या कोपऱ्यात पंचवीस वर्षं कॅफे चालवतेय मी. खोटारडे कोच पोत्यानं पाहिलेत. लेरॉय त्यातला नाही, आणि हे मी सांगतेय, जिनं एके काळी त्याला कॉफी द्यायलाही नकार दिला होता.

फुटबॉलचा कोच आणि खरं बोलणं यांचं आमच्याकडे जमत नाही. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा जीव. आमचा फुटबॉल हातानं खेळायचा; चेंडू त्याच्याच हातून निघतो, फेकायचा की घेऊन पळायचं ते तोच बघतो. तो जायबंदी झाला की समोरच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. मग पोरगा कुबड्यांवर असला तरी कोच म्हणणार, "बघू, सामन्याच्या दिवशी ठरवू." पोराला काही झालेलं नसलं तरी तेच म्हणणार. सगळे खोटं बोलतात आणि सगळ्यांना ते माहीत असतं.

तेवीस वर्षांपूर्वी लेरॉयही तसलाच होता. नवा नवा मदतनीस कोच. माझा धाकटा भाऊ डेल तेव्हा शाळेचा क्वार्टरबॅक. गुडघा टम्म सुजलेला. आई म्हणाली, पोराला खेळवणार नाही. तर मोठ्या कोचनं लेरॉयला आमच्या दारात पाठवलं. टोपी हातात धरून हा म्हणाला, "काळजी करू नका, मावशी. डॉक्टरांनी बघितलंय." कुठला डॉक्टर आणि कुठलं काय! डेल मैदानात उतरला आणि तिसऱ्याच डावात त्याचा गुडघा गेला तो गेलाच. आजही काठी घेऊन चालतो. माझ्या कॅफेच्या स्वयंपाकघरात पहाटेपासून कोलाचे, म्हणजे फळांचा गर भरलेले गोड पाव, भाजतो. अख्ख्या जिल्ह्यात तसे कोलाचे नाहीत, पण त्या दिवसापासून तो लेरॉयशी एक शब्दही बोललेला नाही.

चार वर्षांनी लेरॉय मोठा कोच झाला आणि माझ्याकडे येऊन बसला. म्हणाला, "मार्लीस, एक कॉफी."

"मिळणार नाही."

"मग मी करू तरी काय?"

आजचे पदार्थ लिहायचा फळा मी भिंतीवरून काढला आणि त्याच्यासमोर आपटला. "दर गुरुवारी इथं यायचं. कोण जायबंदी, कोण खेळणार, कोण नाही, सगळं स्वतःच्या हातानं लिहायचं. खरं. मग कॉफी."

एकोणीस वर्षं लिहितोय बिचारा. एक गुरुवार चुकला नाही. फळा मी मुद्दाम स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर टांगलाय, आतून डेलला दिसेल असा. आणि गंमत बघा, शेजारच्या गावांची माणसं तीस-तीस मैल गाडी हाकत येतात, माझ्याकडे जेवतात, फळा वाचतात आणि एका अक्षरावर विश्वास ठेवत नाहीत!

यंदा राज्याच्या उपांत्य फेरीला पाच दिवस उरले असताना आमच्या ट्रेव्हर होलूबचा कॉलरबोन मोडला. ट्रेव्हर म्हणजे आमचा क्वार्टरबॅक. चेंडू असा फेकायचा की घरच्या गायीसुद्धा मान वर करून बघतील. गावावर सुतकी कळा आली. त्याच्या जागी होता वेस्ली. पळायला तुफान, पण फेकायला सांगितलं तर चेंडू बँडवाल्यांच्या ढोलात.

गुरुवारी लेरॉय आला. पाठोपाठ ग्लेन प्रिबिल, शाळा मंडळाचा अध्यक्ष. ट्रॅक्टर विकतो आणि तोंड चालवतो. स्टर्लिंग फोर्क गावचा एक माणूस कोपऱ्यात ॲपल-पाय खात बसलाच होता. आमचा सामना त्यांच्याशीच.

ग्लेन लेरॉयच्या कानाशी वाकला, पण त्याचं कुजबुजणं म्हणजे इतरांचं ओरडणं. "लिही, 'शनिवारी ठरवू'. बास, एवढंच. तीनदा उपांत्य फेरीत हरलायस तू. सोमवारी मंडळाची बैठक आहे. याही वेळी हरलास तर मी तुला वाचवू शकत नाही, समजलं?"

"समजलं," लेरॉय म्हणाला आणि खडू हातात घेऊन बसून राहिला.

मी कॉफीचं भांडं घेऊन उभी. मनात म्हटलं, लेरॉय, आज खोटं लिहिलंस ना, तर हेच भांडं तुझ्या टाळक्यात घालीन. पण खरं सांगते, मला भीती वाटत होती. माणसाची नोकरी होती ती. दुसरं काही येत नाही त्याला.

तो उठला. एकदा खिडकीकडे बघितलं. आत डेल पीठ मळत होता. मग लेरॉयनं मोठ्या अक्षरात लिहिलं: ट्रेव्हर होलूब. कॉलरबोन मोडलाय. खेळणार नाही.

ग्लेननं कपाळावर हात मारला. कोपऱ्यातला माणूस फस्सकन हसला, अर्धा ॲपल-पाय तसाच टाकून फोन करायला बाहेर पळाला.

शनिवारी दुपारी हाडं गोठवणारी थंडी. ट्रेव्हर मैदानाच्या कडेला, जाड कोटावर जर्सी चढवून, हात झोळीत. पलीकडे त्यांचा कोच स्टॉफर बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "झोळीला भुलू नका रे! कोट-बिट काही नाही, आत खेळायचं सगळं सामान चढवलंय त्यानं! लांबचा चेंडू येणार, मागे राहा!"

त्याची पोरं मागे राहिली. आमचा वेस्ली मधून पळाला. पुन्हा मागे राहिली, पुन्हा पळाला. शहाणा माणूस असता तर तासाभरात समजला असता. स्टॉफरला वाटत होतं, आता झोळी काढेल, आता काढेल!

तरी त्यांचा संघ तगडा होता. शेवटी चौदा-चौदा. घड्याळात चार सेकंद, आम्ही त्यांच्या शेवटच्या रेषेपासून पंधरा पावलांवर, एकच डाव शिल्लक. आता मात्र स्टॉफरनं सगळी पोरं पुढे आणून भिंत उभी केली. झालं, म्हटलं मी. लेरॉयचं बिऱ्हाड उठलं.

तेवढ्यात एका पोराचं हेल्मेट घरंगळत कडेला आलं. ट्रेव्हर साधा पोरगा, वाकला आणि चांगल्या हातानं ते उचललं.

"आला!" स्टॉफर किंचाळला. "तो आला! मागे व्हा! मागे!"

भिंत फुटली. पोरं मागे धावली. ट्रेव्हरनं हेल्मेट ज्याचं त्याला दिलं आणि शिट्टी वाजताच वेस्ली मधून जो सुटला तो थेट रेषेपलीकडे. अहो, मी ग्लेन प्रिबिलला मिठी मारली! यावरून काय ते समजा.

सोमवारी सकाळी कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. लेरॉय आत आला आणि सगळे उभे राहिले. ग्लेननं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "काय टोपी घातलीस रे त्यांना! एकोणीस वर्षं खरं लिहायचं आणि ऐन वेळी ते हेल्मेट... बैठकीआधीच मंडळानं ठरवलंय, आणखी पाच वर्षं तूच!"

लेरॉय लालबुंद झाला. "अरे, मी खरंच लिहिलं होतं. पोराचं हाड मोडलंय."

"हो हो! खरंच लिहिलं होतं!" अख्खा कॅफे खिदळला. "हेल्मेटही आपोआपच घरंगळलं!"

ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस एकोणीस वर्षं झिजला, तीच कुणाला दिसत नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार, तोच स्वयंपाकघराचं दार वाजलं.

डेल बाहेर आला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बशी. गिऱ्हाइकांसमोर तो कधी येत नाही. हसणं थांबलं. खुरडत तो लेरॉयच्या टेबलाशी गेला आणि प्रूनच्या कोलाच्यांची बशी त्याच्यापुढे ठेवली.

"तू खरं लिहिलंस," डेल म्हणाला. "मी आतून वाचत होतो. दर गुरुवारी."

लेरॉयनं मान हलवली. डेलनं खुर्ची ओढली, तो आखडलेला पाय लांब केला आणि त्याच्यासमोर बसला.

"खा, गरम आहेत," तो म्हणाला. "मार्लीस, कॉफी दे याला."