मागच्या जिन्यातला देव

अन्याय माझ्या आत्यावर झाला. तीन वर्षांपूर्वीच्या धनत्रयोदशीला, दुपारी चारच्या सुमारास, जयेंद्रगंजातल्या एका साड्यांच्या दुकानात. मालकाचं नाव लिहीत नाही. लष्कर या आपल्या भागात ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तुमच्यातल्या कितीतरी जणांनी आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्याच्या हातून बक्षिसं घेतली आहेत.

आत्या दुसऱ्या मजल्यावर साड्यांना फॉल-पिको करायची. खाली रोषणाईच्या माळांनी पेट घेतला आणि पुढचा जिना धुराने भरला. राहिला मागचा. पण मागच्या जिन्याच्या वरच्या दाराबाहेर मालकाने संगमरवरी ओटा बांधून देव बसवला होता. भक्तीने नव्हे. त्याआधी तिथे साड्यांची गाठोडी असायची, त्यावर एका इन्स्पेक्टरने हरकत घेतली होती. गाठोडी उचलायला लावता येतात, देवाला हात कोण लावणार? ही युक्ती आपल्या गावात जुनी आहे. बेकायदा भिंत वाचवायची असेल तर तिला शेंदूर फासतात.

ओट्यामुळे दार अर्धंच उघडायचं. बायका एकेक करून अंग चोरत बाहेर पडल्या. आत्या सर्वांत शेवटी, आणि तिने दारात चपला काढल्या.

"पळताना चपला कोण काढतं गं?" मी दवाखान्यात तिला विचारलं.

"देवासमोरून जायचं होतं ना. रोजची सवय. निघाल्याच पायातून."

जिन्याच्या कडेने रचलेली साड्यांची प्लास्टिकची पाकिटं आगीच्या धगीने वितळून पायऱ्यांवर आली होती. त्यावरून ती अनवाणी उतरली. आता तिच्या पायांना मशीनचं पायडल झेपत नाही.

मालक सफरचंदं घेऊन भेटायला आला. "भगवान ने बचा लिया, ताई," म्हणाला. आत्याने हात जोडले. मी जोडले नाहीत.

तेव्हा मी बाड्यावर, भर चौकात, पत्रकं वाटायची, कधी पाण्यासाठी, कधी टेम्पोच्या भाड्यासाठी. लोक पत्रक घ्यायचे आणि त्यात समोसा गुंडाळायचे. मी परीक्षा दिली आणि आग व इमारत तपासणीच्या खात्यात लागले. समाजसेवा वगैरे काही नाही. मला त्या माणसाच्या दारात टेप घेऊन उभं राहायचं होतं.

यंदा त्याने माधवगंजात नवं शोरूम बांधलं आणि परवानगी मागितली.

"आपसी मामला तो नहीं है?" साहेबांनी विचारलं.

"है, सर. कुणालाही पाठवा. दार तेवढंच उघडेल."

साहेबांनी मलाच पाठवलं.

वर फॉल-पिकोच्या मशिनी मांडून झाल्या होत्या. मागच्या जिन्याच्या दाराला अडणारा नवा ओटा होता, देव मात्र तोच, आगीतून वाचलेला. मालक म्हणाला, "बेटा, बूट काढ."

"ड्युटीवर काढत नाही. काका, हा ओटा जाईल."

"अगं, तू तर आपल्या समाजाची. थोडं एडजस्ट कर ना. आणि देव असा हलवता येतो का? विधी लागतो. हे पाप कोण घेईल डोक्यावर?"

"आमच्या घराण्याने राजाच्या दरबारात पूजा सांगितल्या आहेत. आत्या करेल."

"बाई? उत्तरपूजा बाई करणार?"

"फॉल-पिकोला चालते ना बाई?"

दुसऱ्या दिवशी आत्या ऑटोने आली आणि काठी टेकत मागच्याच जिन्याने वर चढली. स्टुलावर बसून तिने रीतसर पूजा केली, अक्षता वाहिल्या, मूर्ती उत्तरेकडे सरकवली. मग ती माझ्या हातात दिली आणि आम्ही दोघी थेट मालकाच्या केबिनमध्ये गेलो. त्याच्या टेबलावर देव ठेवून आत्या म्हणाली, "आता तुम्ही काढत जा चपला."

दारात उभ्या असलेल्या सेल्सगर्ल्स पदरात तोंड लपवून हसल्या. ते हसू मला पगारापेक्षा जास्त वाटलं, हे मी लपवणार नाही.

ओटा पाडायची नोटीस मी त्याच दिवशी दिली. त्याने ओटा पाडला नाही. माझ्याविरुद्ध तक्रार केली की मी देवाचा अपमान केला आणि मी सूड घेते आहे. पहिलं खोटं आहे. दुसरं खरं आहे. मी सूडच घेते आहे, आणि तो घ्यायला मला नियमाबाहेर पाऊलही टाकावं लागलं नाही. दार पूर्ण उघडलं पाहिजे, वाट मोकळी पाहिजे. एवढंच मी मागितलं.

बुधवारी सुनावणी आहे. ती त्याच्या बाजूने गेली तर ओटा राहील आणि त्या ओट्यामागे बायका मशिनीवर बसतील. मालकाच्या बाजूने मंडळात एक निवेदन फिरतं आहे. आपला माणूस म्हणून, न वाचता तुम्ही त्यावर सही केली आहे. बुधवारच्या आत मंडळात जा आणि ती सही स्वतःच्या हाताने खोडा.