धुळ्याच्या मैदानावर आबा

खेळताना पायाला चोळायच्या मलमाचा उग्र वास आला की मला धुळ्याचं ते धुळीनं माखलेलं मैदान आठवतं. नव्वदच्या आसपासची गोष्ट, तेव्हा मी मुंबईत एका कंपनीच्या संघातून लीगच्या दुसऱ्या श्रेणीत फुटबॉल खेळायचो, मधल्या फळीत, म्हणजे मागून चेंडू घ्यायचा, पुढच्याला द्यायचा आणि गोल त्याच्या नावावर लागायचा. दोंडाईच्याजवळ शेती करणाऱ्या माझ्या वडिलांना, आबांना, हे कधीच पटलं नव्हतं. आमचा संघ स्पर्धेसाठी धुळ्याला आला, तेव्हा मात्र आबा न कळवता एसटीनं आले आणि चुन्याच्या रेघेपाशी भुईवर बसले. मध्यंतरानंतर ते मला दिसले, आणि थोड्याच वेळात एका धडकेत माझा गुडघा फिरून मी कोसळलो. आबा वहाणा तिथंच टाकून मैदानात धावले. पंच म्हणाले, “बाबा, बाहेर व्हा.” आबा आमच्या अहिराणीत ओरडले, “हाऊ मन्हा पोऱ्या शे!” आणि धोतराच्या सोग्यानं माझं तोंड पुसू लागले. संध्याकाळी डॉक्टरांनी मला एकट्याला सांगितलं, आता खेळणं संपलं. गावी जाताना एसटीत माझा बांधलेला पाय सांभाळत आबा म्हणाले, “पाय बरा व्हयना का पुढला खेळ कव्हय शे? तुन्ही मायले बी लई येसू.” पुढचा सामना कधी, ते विचारून आईलाही सोबत घेऊन यायचं म्हणत होते ते. मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, “सांगसू, आबा.” पुढं हयातभर त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, त्यांना तेव्हाच सगळं कळलं होतं की काय, हे आज त्यांच्या वयाला पोचूनही मला उमगलेलं नाही.