न वाचता दिलेला अभिप्राय

गजभिये गेल्याचं मला धरमपेठेतल्या भाजीबाजारात कळलं, तेही आठ दिवसांनी. त्यांच्या कचेरीतला एक जुना सहकारी वांगी निवडता निवडता बोलून गेला. मी पिशवी धरून तसाच उभा राहिलो... वाईट वाटलंच, पण त्याच्याही आधी मनात आलं की आता ते मला कधीच काही विचारणार नाहीत. सुटल्यासारखं वाटलं. त्या वाटण्याची लाज आज दीड महिन्यानंतरही गेलेली नाही.

दयाराम गजभिये रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेलं त्यांचं घर. साठच्या दशकात त्यांच्या वर रोहेकर नावाचे साहेब आले. मूळचे कोकणातले, मराठीतच वाढलेले बेने इस्रायली ज्यू. डब्याच्या सुट्टीत साहेबांचं बोट पुस्तकावरून उजवीकडून डावीकडे सरकताना गजभियांनी पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं. तिथून सुरुवात झाली. तीन वर्षं रोहेकरांनी त्यांना हिब्रू शिकवलं. पुढे ते कुटुंबासह इस्रायलला गेले आणि जाताना एक व्याकरण आणि एक शब्दकोश यांना देऊन गेले. त्यानंतर गजभिये एकटेच शिकत राहिले, पंधरा वर्षं.

मी कॉलेजात मराठी शिकवायचो. एका क्रियापदाची शंका घेऊन ते माझ्याकडे आले आणि मग दर रविवारी येऊ लागले. आपलं शहर उद्ध्वस्त झाल्यावर ज्यूंनी रचलेली प्राचीन शोकगीतं त्यांना थेट हिब्रूतून मराठीत आणायची होती. हेच काहून, असं मी एकदा त्यांच्याच बोलीत थट्टेनं विचारलं. ते हसले नाहीत.

"ज्याईचं गाव उजाडलं त्याईनं आपलं रडनं लिहून ठेवलं, सर. आमचं कोनं लिहिलं?"

अनुवाद पुरा झाला तेव्हा त्यांनी तो कापडात बांधून माझ्याकडे आणून दिला. फक्त मराठी तेवढी बघा, म्हणाले. मी ते गाठोडं कपाटावर ठेवलं. परीक्षा होत्या, मग मुलीचं लग्न निघालं... खरं सांगायचं तर मला उत्सुकताच नव्हती. दोन वर्षं रविवारी ते येत, चहा घेत, कपाटाकडे बघत आणि काही न विचारता जात. शेवटी एकदा त्यांनी विचारलं. मी गाठही सोडली नव्हती. तरी म्हणालो, "भाषा जरा गावठी झाली आहे. ग्रंथाला शोभेल अशी करा."

त्यांचं बोलणं ऐकूनच मी त्यांच्या लिखाणाचा अंदाज बांधला होता. दुसरं काही नाही.

"बरं सर," म्हणाले आणि गाठोडं घेऊन गेले. पुढची सहा वर्षं त्यांनी ते सगळं नव्यानं लिहिलं. डोळे बिघडले, चष्म्यावर भिंग धरून लिहू लागले; रविवारचं येणंही विरळ झालं. मी अधूनमधून दोन पानं चाळून छान म्हणायचो. प्रकाशकानं हस्तलिखित परत पाठवलं, भाषा निर्जीव आहे म्हणून. मी प्रकाशकालाच नावं ठेवली. त्यानंतर सहा महिन्यांत गजभियांचं हृदय थांबलं.

भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी कौसल्याबाईंनी दोन्ही हस्तलिखितं माझ्यापुढे ठेवली. घरी आणून मी ती चार दिवस वाचली. पहिल्यात ते त्या उजाड नगरीला "वं माय" अशी हाक मारतात. मयताच्या अंगणात बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात, तशी ती सगळी भाषा आहे. दुसऱ्यात तिथे "हे नगरी" आहे. सगळं शुद्ध, नीटनेटकं. आणि रडणं कुठेच नाही. माझ्या चाळीस वर्षांच्या मास्तरकीत मी इतकं जिवंत मराठी फार थोडं वाचलं असेल, आणि ते मीच मारलं होतं.

हस्तलिखितं परत द्यायला गेलो तर कौसल्याबाई म्हणाल्या, "सर येवढं मन लावून वाचते, असं ते साऱ्याईले सांगत. तुमच्या सांगन्यावरूनच त्याईनं पुन्हा लिहिलं. चांगलंच झालं ना जी?"

मी हो म्हणालो.

कौसल्याबाईंना वाचता येत नाही. दर रविवारी त्यांची मुलगी या वर्तमानपत्राची ही पुरवणी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते. आज ती वाचत इथवर आली असेल, तर तिच्या तोंडून तरी ऐका, बाई... मी ते वाचलं नव्हतं.