यानाचं दार

बँकांची आणि दवाखान्यांची आपोआप उघडणारी दारं दुरुस्त करण्यात दारवाल्या आप्पांचा जन्म गेला. हे खूळ डोक्यात शिरलं ते तरुणपणी अकरा वेळा पाहिलेल्या एका अंतराळयानाच्या सिनेमामुळे. रविवारी सुनेनं तोच लावला, आणि हसून हसून तिची मुरकुंडी वळली. यान सरळसरळ पत्र्याचं होतं, परग्रहावरच्या राक्षसाच्या पाठीला चेन दिसत होती. आप्पांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

"आप्पा, खरं सांगा, आज पटतो का हो हा सिनेमा?" तिनं शेवटी विचारलं.

"राक्षस पटला," आप्पा म्हणाले. "यानही पटलं. पण दोन तासांत दार चौतीस वेळा उघडलं आणि एकदाही अडकलं नाही. इतकं खोटं दाखवू नये गं माणसानं."